स्टुटगार्टकरांना गणपती, वोल्फ्सबर्गकरांना दिवाळी

निगडी प्राधिकरणात, चिंचवडला, पिंपळे सौदागरला ज्यांची नातवंडं जर्मनीत आहेत अशा घरांतून कालनिर्णयच्या जोडीला आणखी एक कागद असतो. बहुधा फ्रिजवर, चुंबकाखाली. मुलाने किंवा सुनेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेला हा कागद म्हणजे तिकडच्या शाळांच्या सुट्ट्यांचा तक्ता. आजी-आजोबांना तो एकादश्यांसारखा पाठ असतो. मुंज, घरभरणी, आजोबांची पंचाहत्तरी हे सगळं आधी त्या कागदाला विचारून ठरतं, गुरुजींना मागाहून.

जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि शाळेची सुट्टी ज्याची त्याची वेगळी. सगळा देश एकाच दिवशी गाड्या काढून समुद्राकडे निघाला तर महामार्ग तुंबतील, हॉटेलं पुरणार नाहीत, म्हणून उन्हाळी सुट्ट्या आळीपाळीने मागेपुढे केल्या जातात. दक्षिणेतली बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग ही दोन राज्यं मात्र या पाळीत नाहीत. त्यांची सुट्टी दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी लागते. आता हे चाकणच्या कारखान्यांतून तिकडे गेलेल्यांच्या हिशेबात मांडून पाहा. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये. २०२५ साली तिथली सुट्टी ३१ जुलै ते १३ सप्टेंबर होती आणि गणेश चतुर्थी आली २७ ऑगस्टला. स्टुटगार्टकरांची मुलं बाप्पापुढे झांजा वाजवून परतली. वोल्फ्सबर्ग लोअर सॅक्सनीत. तिथली सुट्टी ३ जुलैला लागली आणि १३ ऑगस्टला संपलीसुद्धा. त्या मुलांना चिंचवडचा नुसता पाऊस दिसला. पण तिथली शरदातली सुट्टी १३ ते २५ ऑक्टोबर, आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे फराळ त्यांच्या वाट्याला. स्टुटगार्टची शाळा बंद झाली २७ ऑक्टोबरला. तोवर भाऊबीजही होऊन गेलेली. २०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी, आणि नेमक्या त्याच सोमवारी स्टुटगार्टच्या शाळा उघडायच्या. माझ्या बहिणीने हे पंचांगात पाहिलं तेव्हा तिने जर्मन शिक्षणखात्याला उद्देशून जे उद्गार काढले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

परदेशी राहून लहान मुलांना घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांवर लिहायचं म्हटलं की आयफेल टॉवर, ट्युलिपच्या बागा आणि बर्फातले फोटो डोळ्यांपुढे येतात. तेही या लेखात येईल. पण औद्योगिक पट्ट्यातून गेलेल्या या घरांचं प्रवासाचं वर्ष ज्या सहलीभोवती आखलं जातं ती पॅरिसची नसते, पिंपरी-चिंचवडची असते. बाकीच्या सहली उरलेल्या रजेत आणि उरलेल्या पैशांत बसवल्या जातात.

हा पट्टा आणि परदेश यांची ये-जा जुनी आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. १९५८ साली फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोन कंपनीशी करार करून तीनचाकी टेम्पो इथे आणला. केएसबीचे पंप पिंपरीत आले, स्वीडिश एसकेएफ चिंचवडला, सँडविक दापोडीला. १९६६ पासून टेल्को. त्या काळात परदेशी जायचं ते प्रशिक्षणाला, आणि जायचं साहेबाने, एकट्याने. येताना चॉकलेटं आणि एखादा कॅमेरा आणायचा. बायकामुलांनी कंपनीच्या कॉलनीत पोस्टकार्डाची वाट बघायची. कुटुंबाचा प्रवास म्हणजे एलटीसी, रजेतल्या प्रवासाची सवलत. चार वर्षांच्या खंडात कधीतरी कन्याकुमारी, नाहीतर सरळ एसटीने कोकण. पाच वर्षांखालचं पोर फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट, आणि सहा वर्षांच्या मुलाला कंडक्टरसमोर वय विचारलं तर काय सांगायचं याची घरातून निघतानाच घेतलेली तालीम.

चित्र पालटलं ते १९९४ नंतर. मर्सिडीज-बेंझ भारतात आली, टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात तिच्या गाड्या जुळू लागल्या. २००९ मध्ये तिचा चाकणचा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी ३१ मार्चला फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचं उद्घाटन झालं. मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग लागली. झेडएफ, बॉश आणि त्यांच्या पोटात शेकडो लहानमोठे पुरवठादार. चाकणच्या आंबेठाण चौकात ट्रकमागे अडकलेला माणूस आणि बोडन्झे तलावाकाठच्या फ्रीडरिशहाफेनमधला माणूस रोज एकाच मीटिंगमध्ये बसू लागले. मग दोन-तीन वर्षांच्या नेमणुका निघू लागल्या, आणि आता जाणारा बायकामुलांना घेऊन जाऊ लागला. अलीकडे कित्येकदा जाणारी ती असते आणि बरोबर जाणारा तो.

बरोबर जाणाऱ्याची परीक्षा मात्र पुण्यातच सुरू होते. जर्मनीत नवरा किंवा बायकोच्या मागे जायचं तर साधारणपणे ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. त्यासाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, नाहीतर चिंचवड-वाकडच्या क्लासेसमध्ये कडेवर मूल असलेल्या कितीतरी जणींनी विभक्तिप्रत्यय घोकले. ब्ल्यू कार्ड ही २०१२ पासूनची उच्चशिक्षितांची परवानगी हाती असेल तर जोडीदाराला ही अट लागत नाही. ज्यांना ती लागली नाही त्यांनाही नंतर तिकडे पोराच्या डॉक्टरसमोर बसल्यावर आपण सुटलो नव्हतो, पुढे ढकललो गेलो होतो, एवढं कळतंच. तिकडे मुलाची पिवळी वही असते. जन्मापासून शाळेपर्यंत यू-वन ते यू-नाइन अशा ठरलेल्या तपासण्यांची. लसटोचणीचं आपलं कार्ड त्यापुढे अगदीच गरीब दिसतं. सहलीची तारीख ठरवताना या तपासणीची तारीख आडवी येते, आणि माघार सहलीला घ्यावी लागते.

माझा भाचा स्टुटगार्टजवळ गेला तेव्हा त्याची मुलगी पुरते दोन दातही न आलेली होती. त्याच्या बायकोशी माझं फोनवर बरंच बोलणं होतं. पहिल्या वर्षी तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “मावशी, आहोत तोवर बघून घेऊ.” चाकणहून गेलेल्या बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. करार तीन वर्षांचा. पुढे वाढेल, न वाढेल. तेवढ्यात स्वित्झर्लंड, पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, रोम. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी रात्री परत. स्टुटगार्टहून पॅरिसला वेगाच्या गाडीने सव्वातीन तास लागतात. शिक्रापूरहून चाकणमार्गे तळेगावला जायला वाईट दिवशी लागणाऱ्या वेळेशी याची तुलना करायचा मोह मी आवरते आहे.

पहिल्या एक-दोन सहलींत मात्र कळून चुकतं की ही यादी आईबापांची आहे, तिसऱ्या सभासदाने तिच्यावर सही केलेली नाही. आयफेल टॉवरखाली अडीच वर्षांच्या मुलीला जे आवडतं ते म्हणजे कबुतरं. लूव्रमध्ये ती झोपते. ऱ्हाइनचा धबधबा, शाफहाउझेनजवळचा, दीडशे मीटर रुंद आणि तेवीस मीटर उंच; बापाने त्यासमोर उभं राहून जलविद्युत या विषयावर मिनी व्याख्यान दिलं आणि मुलीने त्या वेळात बुटात शिरलेले खडे काढून आईच्या पर्समध्ये भरले. तिला खरा आनंद होतो तो कुठल्याही गावातल्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या श्पीलप्लात्सवर. घसरगुंडी, वाळू, पाण्याचा हातपंप. हे मैदान पॅरिसला आहे की घराच्या मागच्या गल्लीत, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. शहाणी कुटुंबं दुसऱ्या वर्षापासून यादी उलटी करतात. आधी मैदान शोधायचं, मग त्याच्या आसपास काही बघण्यासारखं आहे का ते पाहायचं. गुंत्सबुर्गचं लेगोलँड, रुस्टचं युरोपा-पार्क, वोल्फ्सबर्गचं फेनो हे विज्ञानकेंद्र अशी नवी यादी तयार होते, आणि रोम राहून जातं. मला यात काही तोटा दिसत नाही. रोम थांबेल.

रेल्वे मात्र सगळ्यांना आवडते. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. त्यापुढे चौदापर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर असतील आणि तिकिटावर नोंदवलेली असतील तर लांब पल्ल्याच्या गाडीतही फुकट. वय सांगायच्या तालमीची गरजच संपली. आयसीई गाडीत तान्ह्या मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, बाबागाडी आत नेता येते, मूल जमिनीवर लोळलं तरी कुणी डोळे वटारत नाही. शिवाय २०२३ च्या मेपासून महिनाभराचं एकच तिकीट निघालं. आधी ४९ युरो होतं, २०२५ मध्ये ५८ झालं. त्यावर देशभरातल्या लोकल, ट्राम, बस सगळ्या चालतात. जलद गाड्या चालत नाहीत, पण लहान मूल असलेल्याला जलद जायचं असतंच कुठे? जर्मन वक्तशीरपणाच्या ज्या कथा चाकणच्या प्रशिक्षणवर्गात ऐकवल्या जातात त्या मात्र फलाटावर ढासळतात. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांपैकी जेमतेम ६२-६३ वेळेवर पोचल्या, आणि पाच मिनिटांचा उशीर ते उशिरात धरतच नाहीत. भाचेसुनेने एकदा तीन तास रखडलेल्या गाडीतून फोन केला. मुलीला शू लागली होती आणि डब्यातलं स्वच्छतागृह बंद होतं. “मावशी, अगदी आपल्यासारखं वाटतंय हो,” ती म्हणाली. तक्रार होती की समाधान, मला सांगता येणार नाही.

खाण्याचं काय, हा प्रश्न मी तिकडे गेलेल्या प्रत्येकीला विचारला आणि उत्तरं इतकी सारखी आली की एकीचंच लिहिलं तरी चालेल. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर हवं. ते नसेल तर छोटा राइस कुकर बॅगेत. मऊ भात, मेतकूट, तूप. दही कुठेही मिळतं. केळी मिळतात. घरून भाजून नेलेला पोह्यांचा चिवडा मोठ्यांसाठी. मोठ्या शहरात भारतीय हॉटेल शोधून तिथल्या लाल तवंगाच्या भाजीला वीस युरो मोजायचे, ही चूक सगळ्यांनी एकेकदा केलेली. मूल मात्र तिकडच्या बालवाडीत जाऊ लागलं की, वर्ष सरता सरता प्रेत्सेल मागू लागतं आणि मेतकूटभात आईच खाते. बालवाडीही सहज मिळत नाही. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा २०१३ पासून कायद्याने हक्क आहे, आणि हक्क असूनही रांग आहे.

मूल सहा वर्षांचं झालं की प्रवासाची सगळी गंमत एका झटक्यात कागदावर येते, कारण जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि ही सक्ती खरोखरीची आहे. आपल्याकडे चुलतमामाच्या लग्नाला चार दिवस बुट्टी मारणं हा कौटुंबिक शिष्टाचार आहे. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्यायची, पोट दुखत होतं. तिकडे सुट्टीच्या आदल्या आठवड्यात विमानाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून मुलाला नेलं तर दंड होऊ शकतो. २०१८ च्या मे महिन्यात बायर्नमधल्या मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबांना अडवून चौकशी केली होती. ते प्रकरण तिकडच्या वर्तमानपत्रांतून गाजलं आणि आमच्या मराठी घरांतून अजून सांगितलं जातं, थोडं तिखटमीठ लावून. परिणाम असा की सगळ्यांना एकाच आठवड्यात उडायचं असतं, आणि विमान कंपन्यांनाही तो तक्ता पाठ असतो.

आंबेही यात गेले. एप्रिल-मे ही आपली सुट्टी. बाडेन-व्युर्टेमबर्गला पेंटेकोस्टच्या सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते, २०२५ मध्ये ती १० जूनला लागली. तोवर हापूस संपलेला, पाऊस दारात. ज्यांनी धावपळ करून त्या सुट्टीत फेरी मारली त्यांच्या मुलांनी आमरस खाल्ला तो आजीने फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवलेला.

इथे थोडं मागे जायला हवं. मराठी प्रवासवर्णनांचं कपाट भरलेलं आहे. अनंत काणेकर आहेत, पु. ल. आहेत, मीना प्रभू आहेत. पण त्या कपाटात रडणारं पोर फारसं सापडत नाही. लेखक मोकळा हिंडतो, बघतो, विनोद करतो. कडेवर मूल घेऊन समुद्र ओलांडणारी मराठी लेखिका शोधायला गेलं की थेट १८८३ सालापर्यंत मागे जावं लागतं. पंडिता रमाबाई त्या वर्षी इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्या विधवा होत्या आणि त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात दोघी उतरल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. पुढे व्याख्यानांच्या आणि निधीच्या धावपळीत मुलीला परत इंग्लंडला पाठवावं लागलं. एकटी बाई, परका देश, काम आणि मूल या तिढ्यातून त्यांनाही सुटका नव्हती. अमेरिकेवर रमाबाईंनी मराठीत लिहिलेलं पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था सगळं त्यात आहे. बोटीवर दोन-पाच वर्षांच्या मुलीला काय खायला घातलं हेही त्यांनी लिहून ठेवलं असतं तर आज फोनवर माझ्याशी बोलणाऱ्या या मुलींनी ते आधी वाचलं असतं.

परत येऊ चिंचवडच्या फेरीकडे. पुण्याहून थेट युरोपात जाता यावं ही या पट्ट्याची फार जुनी मागणी. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं होतं, पण ते निव्वळ बिझनेस क्लासचं. चाकणला येणाऱ्या साहेबांसाठी. पुढे तेही बंद पडलं. चाकण-राजगुरुनगरकडे आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार या बातमीवर तिथल्या जमिनींचे भाव वर्षानुवर्षं चढत राहिले, आणि शेवटी जागा ठरली पुरंदरला. तेव्हा आजही बाळ कुशीत घेऊन मुंबई गाठायची. विमान पहाटे दोन-तीनला. परतीच्या दिवशी संध्याकाळी सातलाच निगडीहून गाडी निघते, कारण घाटात कंटेनर उलटला तर? प्रत्येकी तेवीस किलोच्या बॅगा. हातातला छोटा वजनकाटा घेऊन आजोबा दारात उभे. दीड किलो जास्त भरलं की काय काढायचं यावर जी चर्चा होते तीत घराण्याचे जुने हिशेब निघतात.

काढायचं काय, हे खरं तर युरोपीय संघाने ठरवून दिलेलं आहे. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून सामानात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, तूप नाही, खवा घातलेलं काही नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला ठरावीक अटींवर दोन किलोपर्यंत सूट आहे. हा नियम आजीला सांगणं हे सुनेच्या आयुष्यातलं अवघड काम. बेसनाचा लाडू साजूक तुपातला आहे हे फ्रँकफर्टच्या कस्टमवाल्याला कसं कळणार, असा बिनतोड सवाल आजी करते आणि लाडू जातात. बाकरवडी, गोडा मसाला, नाचणीसत्त्व, भाजणी यांना आडकाठी नाही.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून, भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत जातं. म्हणून दुसरा वाढदिवस यायच्या आत एक फेरी हा अलिखित नियम. पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळाला तर मिळाला. मोठं, गुटगुटीत बाळ त्यात मावत नाही, आणि आजीच्या देखरेखीखाली महिनाभर राहिलेलं बाळ परतीच्या विमानात मावण्याची शक्यता आणखी कमी. उतरताना कानांना दडे बसतात, त्या वेळी पाजायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पोचल्यावरच्या रात्रींचं. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर. जर्मनीत नऊला झोपणारं मूल चिंचवडला साडेबारापर्यंत टक्क जागं. आजोबा खूश असतात, त्यांना गोष्टी सांगायला मिळतं. सकाळी दूधवाला येतो तेव्हा सगळं घर झोपलेलं.

आणि मग आजोबाच तिकडे जातात. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता माहेरच विमानात बसतं. पण शेंगेन व्हिसाचं गणित आहे: कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस, त्यावर एक दिवस नाही. सोबत किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. त्यामुळे घरांनी पाळ्या लावल्या आहेत. आधी हिचे आईबाबा तीन महिने, मग त्याचे. निगडीच्या बागेत संध्याकाळी बसणाऱ्या निवृत्त मंडळींत कोण कधी ‘पाळीवर’ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तीस वर्षं टेल्कोत, बजाजमध्ये पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी केलेल्या माणसांना यात नवल वाटत नाही. तिकडे काय पाहिलं, असं विचारलं तर त्यातल्या एकाने मला सांगितलं, बालवाडी ते घर हा रस्ता पाहिला, दिवसातून दोनदा. स्वित्झर्लंड? तिथे केसरी, वीणा वर्ल्डबरोबर आधीच जाऊन आलो होतो, तेव्हा नातू नव्हता म्हणून बर्फ बघायला वेळ मिळाला.

उलट बाजूचीही माणसं याच पट्ट्यात आहेत. मर्सिडीजबरोबर आलेल्या जर्मन कुटुंबांच्या मुलांना शाळा हवी म्हणून १९९८ मध्ये शाळा सुरू झाली. हिंजवडीतली मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल म्हणून ती ओळखली जायची, आता तिचं नाव महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल आहे. जर्मन, कोरियन, जपानी साहेब चाकणला काम करतात आणि राहतात बाणेरला, कोरेगाव पार्कला, कल्याणीनगरला. रोजचा येण्याजाण्याचा वेळ धरला तर तेही एक प्रवासवर्णन होईल. त्यांचीही तीन वर्षं, त्यांचंही ‘आहोत तोवर’. गोवा, केरळ, राजस्थान, ताजमहाल. लोणावळ्याला पावसात एकदा. त्यांच्या पिवळ्या केसांच्या मुलांना जो अनुभव येतो तो आपल्या मुलांना तिकडे येत नाही: कार्ल्याच्या लेण्यांत कुणीही येतं, न विचारता गाल ओढतं, उचलून घेतं, फोटो काढतं. दहा मिनिटांत मूल रडू लागतं. हे प्रेम आहे हे मान्य. पण रडणाऱ्या मुलाला पुढच्या फोटोसाठी हसवायचा प्रयत्न करणारे आपण फार चांगले दिसत नाही.

आणि याच पट्ट्यातली तिसरी माणसं, ज्यांच्यावर दिवाळी अंकात लेख येत नाहीत. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी, लातूरची, नांदेडची, बुलढाण्याची, बिहारची. मेदनकरवाडीच्या, खराबवाडीच्या एका खोलीत वाढणाऱ्या त्यांच्या मुलांनाही गाव वर्षातून एकदाच दिसतं. दिवाळीच्या आधी खासगी बसचं भाडं दुप्पट होतं आणि मांडीवरच्या मुलासाठी दहा टक्क्यांची सवलत तिथे कुणी देत नाही. नाशिक फाट्यावर रात्री अकराला पोत्यांवर बसलेली आई आणि फ्रँकफर्टला फाटकापाशी बसलेली आई यांची तुलना मी करत नाही. दोघींच्या घरची माणसं जो माल बनवतात त्याचं गिऱ्हाईक बऱ्याचदा एकच असतं, एवढं नोंदवते.

गेलेली सगळीच राहत नाहीत. बरीच परततात, करार संपला म्हणून, आईबापांचं वय झालं म्हणून, मुलाला मराठी यावं म्हणून. या शेवटच्या इच्छेची तर २०२० च्या कायद्याने लगेच परीक्षा होते. महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं, आणि आठव्या वर्षी परतलेल्या मुलापुढे जोडाक्षरं उभी राहतात. घरात मराठी फर्डं बोलणारं मूल ‘व्यवस्थापन’ लिहिताना घामाघूम होतं.

माझी भाचेनातही आता परतली. जर्मनीत बारा वर्षांखालचं आणि दीड मीटरहून कमी उंचीचं मूल चाइल्ड सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही. तिला वाटत होतं जगभर असंच असतं. पहिल्याच रविवारी आजोबांनी गाडी काढली, चाकणचा भुईकोट दाखवायला, जिथे फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्तेखानाला झुंजवलं. गाडी होती चाकणलाच बनलेली टायगुन. या गाडीला आणि तिच्या बहिणीला, कुशाकला, ग्लोबल एनकॅपच्या नव्या चाचणीत २०२२ मध्ये मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षिततेसाठी पाच-पाच तारे मिळाले. मागच्या आसनाला सीट अडकवायच्या कड्या आहेत. सीट मात्र नव्हती. नात आत बसेना. आजोबा म्हणाले, “अगं, तुझा बाबा माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहून लोणावळ्याला आलाय, आजी मागे, आत्या मध्ये.” ती ऐकून घेते, पटत नाही तिला. “आबा, पण तेव्हा तुम्हाला कुणी पकडलं नाही?”

सहल त्या दिवशी रद्द झाली. दुपारी आजोबा पिंपरीला दुकानात गेले. सीटची किंमत ऐकून परत आले, संध्याकाळी पुन्हा गेले. कड्यांत ती बसवायला त्यांना, तीस वर्षं गाड्या जुळवलेल्या माणसाला, पाऊण तास लागला. आता ती सीट कायम गाडीत असते, शेजारच्या मुलाला क्लासला सोडतानासुद्धा तिच्यातच बसवतात, आणि त्याच्या आईला त्यावर भाषणही देतात.